वशिंडाची किंमत किती?

मुलांनो, 'गाय' या विषयावरचा निबंध तुम्ही मराठीच्या वर्गात लिहिला आहे, आणि जपानी शाळेत जाणाऱ्यांनी गाईचे चित्रही कधी ना कधी काढले असेल. ती दोन्ही पाने शेजारी शेजारी ठेवा. निबंधात लिहिले आहे की गाईला चार पाय, दोन शिंगे आणि एक शेपूट असते. चित्रातली गाय पांढरी, अंगावर काळे ठिपके, पाठ इस्त्री केल्यासारखी सपाट, आणि शिंगे बहुधा नाहीतच. आता सुटीत आजोळी गेलात तेव्हा रस्त्यात दिसलेला बैल आठवा. त्याच्या मानेच्या मागे, खांद्यावर, चांगला मोठा उंचवटा होता. त्या उंचवट्याला मराठीत वशिंड म्हणतात. जपानी भाषेत टेंगूळ किंवा उंचवटा म्हणजे 'कोबु', म्हणून वशिंडवाल्या गुरांचे जपानी नाव 'कोबु-उशी'. (ही 'उशी' डोक्याखाली घ्यायची नव्हे, बरं का!)

तुमच्या चित्रातल्या गाईला वशिंड नाही ते तुम्ही विसरलात म्हणून नव्हे. जपानच्या गाईंना ते नसतेच. आजचा पाठ या वशिंडाबद्दल आहे. ते असलेली गाय चांगली की नसलेली, हा प्रश्न जगातल्या गुरे पाळणाऱ्यांनी शेदीडशे वर्षे एकमेकांशी भांडून सोडवायचा प्रयत्न केला आहे, आणि त्यात पुष्कळांचे पैसे बुडाले आहेत, काहींचे फळफळले आहेत.

आधी घराण्याची ओळख करून घेऊ. सगळ्या गाईगुरांचा मूळ पूर्वज म्हणजे ऑरॉक्स नावाचा एक प्रचंड रानबैल. तो आज पृथ्वीवर नाही. त्यातली शेवटची मादी १६२७ साली पोलंडमध्ये मेली. या रानबैलाच्या दोन शाखा लाखो वर्षांपूर्वीच एकमेकींपासून दूर गेल्या होत्या. एका शाखेला माणसाने पश्चिम आशियात माणसाळवले, सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी. तिच्यापासून युरोपातल्या आणि जपानमधल्या सपाट पाठीच्या गाई आल्या. दुसऱ्या शाखेला सिंधू नदीच्या खोऱ्याच्या बाजूला माणसाळवले, सुमारे आठ हजार वर्षांपूर्वी. तिच्यापासून आपल्या वशिंडाच्या गाई आल्या. सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवर जो डौलदार बैल कोरलेला असतो त्याचे वशिंड पाहा, म्हणजे ही ओळख किती जुनी आहे ते कळेल.

वशिंड म्हणजे स्नायू आणि चरबी. त्यात पाणी साठवलेले नसते. (उंटाच्या मदारीतही नसते, पण तो वेगळा पाठ होईल.) आपल्याकडे बैलाच्या मानेवर जू ठेवले की ते वशिंडाला टेकते, मागे सरकत नाही, आणि बैलाला जोर लावता येतो. परंतु उष्ण हवेत जगायला खरी मदत होते ती वशिंडाच्या सोबत येणाऱ्या बाकीच्या सामानाची. गळ्याखाली लोंबणारी कातडी, जिला शेतकरी 'पोळी' म्हणतात, आणि एकूणच सैल, घड्या पडलेली कातडी यांमुळे अंगाचा पृष्ठभाग वाढतो. कातडीत घामाच्या ग्रंथी जास्त आणि मोठ्या असतात. वर आखूड, चकचकीत, बहुधा फिक्या रंगाचे केस आणि खाली काळसर कातडी, म्हणजे ऊन परतवायचे आणि जे आत येईल त्याने चटका बसू द्यायचा नाही. शिवाय या गाईंच्या शरीरात आतून तयार होणारी उष्णताच कमी असते. त्या कमी खातात, सावकाश वाढतात, दूध कमी देतात. गोचीड त्यांच्या अंगावर चढते, पण युरोपी गाईच्या अंगावर जितकी माजते तितकी माजत नाही. वाळके, काड्यांसारखे गवत खाऊन आणि पाण्यासाठी लांब चालून त्या तगतात.

यातला 'कमी खातात, दूध कमी देतात' हा भाग पुन्हा वाचा. पुढची सगळी गोष्ट त्यावर आहे. जी गाय दिवसाला तीस लिटर दूध देते ती तेवढा चारा पचवते, आणि पचवताना तिच्या पोटात जणू शेगडी पेटलेली असते. कडाक्याच्या थंडीत ती शेगडी उपयोगी पडते. जपानमध्ये ऑगस्टमध्ये पारा ३५ अंशांवर गेला आणि हवा दमट असली की तीच शेगडी गाईला जाळते. होल्स्टीन गाईला २५ अंशांच्या वरच त्रास सुरू होतो, ती धापा टाकते, चारा सोडते, दूध आटते. शाळेत दुपारच्या जेवणाबरोबर तुम्हाला जे दूध मिळते ते अशाच गाईंचे. जपानचे निम्म्याहून जास्त दूध थंड होक्काइदोमध्ये निघते, ते उगीच नव्हे. दक्षिणेकडच्या गोठ्यांत उन्हाळाभर मोठमोठे पंखे फिरतात आणि पाण्याचे तुषार उडत असतात.

मग जपानने वशिंडवाल्या गाई का आणल्या नाहीत? त्याचे उत्तर थोडे पुढे येईल. आधी ज्यांनी आणल्या त्यांच्याकडे जाऊ.

अमेरिकेच्या दक्षिणेला, टेक्सास-लुइझियानाच्या समुद्रकाठी, हवा कोकणासारखी चिकट. तिथे इंग्लंडहून आणलेली गुरे उन्हाने आणि गोचिडांनी हैराण होत. गोचिडीमुळे एक भयंकर ताप येई. हा ताप गोचीडच पसरवते हे १८९३ साली स्मिथ आणि किलबोर्न या दोघांनी सिद्ध केले. किड्यासारखा प्राणी रोग पसरवतो हे सिद्ध झाल्याचे ते पहिले मोठे उदाहरण. हिंदुस्थानी वळू तिथे त्याआधीच पोचले होते. १८५४ साली लुइझियानातल्या रिचर्ड बॅरो नावाच्या मळेवाल्याला इंग्रज सरकारने दोन वळू भेट दिले. हिंदुस्थानात कापूस आणि ऊस लावायला शिकवण्याच्या मदतीबद्दल ती भेट होती. त्या वळूंची संकरित पिल्ले दमट हवेत टिकतात असे लोकांच्या लक्षात आले. पुढे १९०६ मध्ये टेक्सासच्या बोर्डेन यांनी हिंदुस्थानातून एकदम ५१ जनावरे नेली. न्यूयॉर्कजवळच्या बेटावर तपासणीसाठी ती अडकली, त्यांच्यात सर्रा नावाचा रोग निघाला आणि बरीच जनावरे गेली. जी वाचली ती टेक्सासला पोचली. १८५४ पासून १९२६ पर्यंत सगळे मिळून सुमारे २६६ वळू आणि अवघ्या २२ गाई अमेरिकेत गेल्या, त्यांतले पुष्कळ ब्राझील आणि मेक्सिकोमार्गे.

या जनावरांत चार जातींचे रक्त होते. गुजरातच्या गीर आणि कांक्रेज, आंध्रातली नेल्लोर बाजूची ओंगोल, आणि चौथी, आपल्या घरची, कृष्णाकाठची. सांगली-सातारा आणि बेळगाव-विजापूर या पट्ट्यातली जमीन काळी आणि चिकट. पावसाळ्यात तिच्यात नांगर ओढायचा तर दांडगा बैल पाहिजे. म्हणून गेल्याच्या गेल्या शतकात दक्षिण महाराष्ट्रातल्या संस्थानिकांनी गीर, ओंगोल, कांक्रेज आणि स्थानिक गुरे यांचा मेळ घालून ही भारदस्त जात घडवली. म्हणजे मुळातच ती चार जातींची मिसळ होती. आपल्याला वाटते तितक्या 'शुद्ध' वस्तू जगात फार कमी असतात. कृष्णेच्या चिखलासाठी घडवलेल्या या जनावराचे रक्त अमेरिकेतल्या कळपांत वाटा म्हणून गेले आणि तिथे वाढले. ट्रॅक्टर आल्यावर कृष्णाकाठी तीच जात विरळ होत गेली, आणि आज ती शोधावी लागते.

अमेरिकेत या मिश्र जातीचे नाव काय ठेवले ठाऊक आहे? 'ब्राह्मन'! १९२४ मध्ये पाळणाऱ्यांचा संघ स्थापन झाला, आणि त्याचे पहिले सचिव सार्टवेल यांनी हे नाव सुचवले. टेक्सासमध्ये उच्चार 'ब्रामा' असा काहीसा करतात. नाव ऐकून तुमच्या आजीला हसू येईल, पण ते आता जगभर रूढ झाले आहे.

गाई २२ आणि वळू २६६, तर मग एवढी मोठी जात झाली कशी? इथे वही घ्या, कारण हे अपूर्णांकांचे गणित आहे. पिल्लाला अर्धे रक्त आईचे आणि अर्धे बापाचे मिळते. स्थानिक गाय आणि हिंदुस्थानी वळू यांची कालवड १/२ हिंदुस्थानी. तिला पुन्हा हिंदुस्थानी वळू दाखवला की तिचे वासरू ३/४. मग ७/८, मग १५/१६, मग ३१/३२. पाच पिढ्यांत मूळची सपाट पाठीची आजी जवळजवळ पुसली गेली आणि वशिंड उभे राहिले.

पण लवकरच शहाण्या पशुपालकांच्या लक्षात आले की शेवटपर्यंत जायची गरज नाही, किंबहुना जाऊच नये. दोन शाखा लाखो वर्षे वेगळ्या राहिल्या असल्यामुळे त्यांचा पहिला संकर विलक्षण जोमदार निघतो. याला संकरओज म्हणतात. हेरफर्ड आणि ब्राह्मन यांच्या पहिल्या संकरातल्या गाईंच्या अंगावर वाघासारखे पट्टे असतात, त्यांना तिथे 'टायगर स्ट्राइप' म्हणतात आणि बाजारात त्यांना चढा भाव मिळतो. अडचण अशी की हा जोम पुढच्या पिढीत तेवढाच उतरत नाही. संकरितांची आपापसात जोडी लावली की तो निम्मा होतो. म्हणून लोक मधला कुठला तरी अपूर्णांक पक्का करायच्या मागे लागले. टेक्सासच्या किंग रँचवर 'मंकी' नावाचा एक वळू १९२० मध्ये जन्मला. त्याच्यापासून सांता गर्ट्रूडिस ही जात झाली, आणि १९४० मध्ये तिला मान्यता मिळाली. तिच्यात ब्राह्मनचे रक्त ३/८ आणि शॉर्टहॉर्नचे ५/८. अँगस आणि ब्राह्मन यांची ब्रँगस, तिच्यातही ब्राह्मन ३/८.

आता गंमत पाहा. ब्राझीलमध्ये गीर आणि होल्स्टीन यांच्यापासून दुधाची जात केली, तिचे नाव जिरोलांदो. प्रमाण: गीर ३/८, होल्स्टीन ५/८. आपल्या लष्करी दुग्धशाळांत साहिवाल आणि होल्स्टीन यांची फ्रीजवाल केली. प्रमाण: साहिवाल ३/८. महाराष्ट्रात पशुवैद्य शेतकऱ्याला काय सांगत आले? संकरित गाईत विलायती रक्त ५० ते ६२.५ टक्क्यांच्या दरम्यान ठेवा, त्यावर जाऊ नका. ६२.५ टक्के म्हणजे किती? ५/८! उरले देशी ३/८. चार ठिकाणी, मांसासाठी आणि दुधासाठी, वेगवेगळ्या लोकांनी उन्हात काम करून जवळपास हाच आकडा गाठला. हा आकडा देवाने दिलेला आहे असे मात्र समजू नका. थोडा भाग अनुभवाचा आणि थोडा सोयीचा, कारण तीन पिढ्यांत तो बरोबर बसतो. कसा बसतो ते स्वाध्यायात तुम्हीच काढायचे आहे. जिथे ऊन आणि गोचीड फार, तिथे लोक वशिंडाचा वाटा वाढवतात. जिथे बर्फ पडते तिथे तो शून्यावर आणतात, कारण थंडीत ब्राह्मनची नवजात वासरे कुडकुडून दगावतात.

हवामानाचा हिशेब असा अपूर्णांकात सुटतो. बाजाराचा हिशेब इतका सरळ नाही.

अमेरिकेत कालपर्यंत टेक्सासच्या उन्हात ज्या लांब कानांमुळे आणि वशिंडामुळे वासरू तगले, तेच वासरू उत्तरेकडच्या खरेदीदारासमोर आले की तो कान बघून भाव पाडतो. कारण त्याला पुढे मऊ मांस विकायचे असते. (आपल्यापैकी बऱ्याच घरांत गोमांस खात नाहीत. हा पाठ खाण्याचा नाही, व्यापार समजून घेण्याचा आहे. जगात गाईंच्या जाती का वाढतात आणि का संपतात हे या व्यापाराशिवाय कळत नाही.) वशिंडवाल्या जनावरांचे मांस तुलनेने चिवट असते. मांस मऊ करणारी जी रासायनिक क्रिया नंतर आपोआप होते, तिला रोखणारे प्रथिन या गुरांत जास्त काम करते. म्हणून 'सर्टिफाइड अँगस बीफ' या अमेरिकी छापाच्या नियमांत एक अट चक्क वशिंडाची आहे: उंची दोन इंचांपेक्षा जास्त नको. ऑस्ट्रेलियातही मांसाची प्रत ठरवताना वशिंडाची उंची मिलिमीटरमध्ये मोजतात. उंची वाढली की गुण कमी. एकीकडे ज्याच्यासाठी समुद्रापलीकडून वळू आणले, तेच दुसरीकडे पट्टी लावून मोजतात, आणि कमी असावे म्हणतात.

उलट ब्राझीलमध्ये वशिंड हाच खास तुकडा समजतात. त्याला 'कुपिं' म्हणतात आणि तो तासन्‌तास निखाऱ्यावर भाजतात. नेल्लोर जिल्ह्यावरून नाव पडलेल्या 'नेलोरी' गुरांनी तो देश भरून गेला आहे. व्हियाटिना-१९ नावाच्या एका नेलोरी गाईची किंमत २०२३ साली ४० लाख डॉलरहून जास्त धरली गेली, आणि जगातली सर्वांत महाग गाय म्हणून तिची नोंद झाली.

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागाची गोष्ट जपानच्या जवळची आहे. तिथेही गोचीड आणि तिचा ताप यांनी इंग्लिश गुरांचे कळप उद्ध्वस्त केले होते. १९३३ मध्ये सरकारी शास्त्रज्ञांनी अमेरिकेतून थोडी ब्राह्मन गुरे क्वीन्सलंडला आणली. म्हणजे आपल्या गाई आपल्या शेजारी जायला अमेरिकेला वळसा घालून गेल्या. इंग्लिश जातींचे अभिमानी लोक या लोंबत्या कातडीच्या गुरांना हसले. पण दुष्काळ आणि गोचीड हसत नाहीत. आज उत्तर ऑस्ट्रेलियातल्या बहुतेक गुरांत ब्राह्मनचे रक्त आहे. डार्विन बंदरातून ती जिवंत इंडोनेशियाला जातात. तिथे त्यांना काही महिने पोसतात, आणि तिथली हवा त्यांना मानवते. तिथे चिवटपणाची तक्रारही कमी, कारण रेंदांग मंद आचेवर काही तास शिजतो आणि बाक्सोसाठी मांस वाटूनच घेतात. जपानसाठी मात्र ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडची, अँगससारखी, धान्यावर पोसलेली गुरे जास्त लागतात. एकाच देशात दोन हवा आणि दोन गिऱ्हाइके, म्हणून दोन तऱ्हेच्या गाई.

आता जपानचे उत्तर. जपानी गुरेही मुळात शेतीची होती. भातखाचरात नांगर ओढायला ती होती, खायला नव्हती. सन ६७५ मध्ये सम्राट तेन्मूने वर्षाच्या काही महिन्यांत गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचे मांस खायला बंदी घातली होती. मेइजी काळात सम्राटाने १८७२ मध्ये स्वतः गोमांस खाल्ले, आणि त्यानंतर काळ बदलला. गुरे मोठी व्हावीत म्हणून १९०० च्या सुमारास सरकारने युरोपी वळू आणून सर्रास संकर केला. दहा वर्षांत तो उत्साह ओसरला. संकरित बैल मोठे झाले, पण सुस्त. खाचरात कामाला बरे नव्हते, भाव पडले. मग जपानने आहे त्यातूनच निवड करण्याचा मार्ग धरला. १९५०-६० च्या दशकांत खाचरात यंत्र आले, बैलाचे काम संपले, आणि तोच काळा बैल मांसाचा झाला. मांसातली चरबीची बारीक जाळी किती, यावर १ ते १२ असे अंक देतात. प्रत ठरवताना ए, बी, सी आणि १ ते ५ अशी श्रेणी लावतात. 'ए-५' हा शब्द तुम्ही दुकानाच्या पाटीवर पाहिला असेल. वशिंडवाल्या गुरांच्या मांसात ही जाळी फारच कमी. म्हणून उन्हाळा कितीही दमट असला तरी जपानी पशुपालक पंखे लावील, पण वशिंड आणणार नाही. पंख्याचा खर्च भावातून निघतो.

या मार्गाचीही एक किंमत आहे. ह्योगो प्रांतात १९३९ साली ताजिरी नावाचा एक वळू जन्मला. आज जपानभरच्या काळ्या वाग्यू गाईंची वंशावळ मागे नेली तर जवळजवळ प्रत्येकीच्या पूर्वजांत हा ताजिरी सापडतो. एकाच आजोबाची एवढी नातवंडे असली की रोग आला किंवा हवा बदलली तर निवडायला जागा कमी राहते.

शेवटी आपल्या गावाकडे. तिथे गोष्ट उलटी वाहिली. बाहेरच्या देशांनी आपले वशिंड नेले, आणि आपण बाहेरची कास आणली. पुण्याजवळ उरळी कांचनला गांधीजींच्या सांगण्यावरून राहिलेले मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये 'बाएफ' ही संस्था काढली. जर्सी आणि होल्स्टीन यांच्याशी स्थानिक गाईंचा संकर त्यांनी शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेला. त्यांना १९८२ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. दिवसाला दोन-अडीच लिटर देणाऱ्या गाईच्या जागी दहा-बारा लिटर देणारी गाय दावणीला आली. दर दहा दिवसांनी डेअरीचे पैसे हाती येऊ लागले, आणि कित्येक घरांत त्या पैशांवर मुले शिकली. आज इथे बसलेल्या काही पालकांची फीसुद्धा त्यातून गेली असेल. त्या गाईला उगीच नावे ठेवणे मला पटत नाही.

पण तिचा हिशेबही पुरा मांडला पाहिजे. एप्रिल-मेमध्ये ती धापा टाकते, तिला सावली, पाणी, पेंड आणि डॉक्टर लागतो. दुष्काळात चारा छावणीत तिचे हाल आधी होतात. आणि तिला गोऱ्हा झाला तर? त्याला धड वशिंड नसते, जू नीट बसत नाही, ऊन सोसत नाही, म्हणजे शेतीला तो नको. २०१५ पासून महाराष्ट्रात बैलाच्या आणि वळूच्या कत्तलीलाही बंदी आहे, म्हणजे तोही बाजार नाही. त्या कायद्यावर घराघरांत वेगवेगळी मते आहेत, ती घरीच राहू देत. पण त्या गोऱ्ह्याचे काय करायचे, हा प्रश्न शेतकऱ्याच्या दारात उभा राहतो, आणि त्याचे उत्तर त्याला एकट्याला शोधावे लागते.

त्याच वेळी माणदेशातल्या खिलार बैलाचा भाव मात्र वाढला. आटपाडी-म्हसवड भागातला हा पांढरा, लांब शिंगांचा बैल कमी पावसात, कडब्यावर जगणारा आणि पळायला चपळ. गाय दूध जेमतेम देते, म्हणून संकरित गाईपुढे खिलार मागे पडला. बैलगाडा शर्यतींवर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली तेव्हा तर त्याला गिऱ्हाईक राहिले नाही. डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना पुन्हा वाट मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने ती कायम केली, तसे चांगल्या खोंडाचे भाव चढले. जनावर तेच आणि माळही तोच होता, फक्त गिऱ्हाईक गेले आणि परत आले. देशभराचे चित्र पाहिले तर २०१९ च्या पशुगणनेत देशी गुरांची संख्या २०१२ पेक्षा सुमारे ६ टक्क्यांनी घटलेली होती, आणि संकरितांची वाढलेली.

शब्द शिकू या: वशिंड – बैलाच्या खांद्यावरचा उंचवटा. पोळी – गळ्याखालची लोंबती कातडी. गोऱ्हा – नर वासरू. खोंड – तरुण बैल. कालवड – न व्यालेली तरुण गाय. वळू – पैदाशीसाठी ठेवलेला बैल. जू – औताला जुंपताना मानेवर येणारे लाकूड. कडबा – ज्वारीची वाळलेली ताटे. दावण – गुरे बांधण्याची जागा.

स्वाध्याय

मोठ्या मुलांसाठी गणित: एका शेतकऱ्याकडे सगळ्या गाई अँगस आहेत, आणि त्याला शुद्ध ब्राह्मन व शुद्ध अँगस असे दोन्ही वळू मिळू शकतात. तीन पिढ्यांत ३/८ ब्राह्मन वासरू कसे मिळेल ते प्रत्येक पिढीचा अपूर्णांक लिहून दाखवा. मग ३/८ च्या गाईला ३/८ चाच वळू दाखवला तर वासरू किती होईल, आणि त्याच्या पुढच्या पिढीत?

सगळ्यांसाठी: आई-बाबांबरोबर सुपरमार्केटात जाल तेव्हा गोमांसाच्या पाकिटावरची पाटी वाचा. विकत घ्यायची गरज नाही. 'वाग्यू', 'कोकुसान' आणि 'कोझात्सु' हे तीन शब्द शोधा. कोकुसान म्हणजे मुख्यतः जपानमध्ये वाढलेले जनावर, ते होल्स्टीनही असू शकते. कोझात्सु म्हणजे संकरित, बहुधा होल्स्टीन आई आणि वाग्यू बाप. जपानी मांसाच्या पाकिटावर दहा आकडी क्रमांकही असतो. तो उतरवून आणा. घरी संगणकावर त्या क्रमांकावरून जनावराची जात, जन्मतारीख आणि ते कुठे वाढले हे सापडते. पुढच्या शनिवारी फळ्यावर तक्ता करू आणि एकाही जनावराच्या वंशात वशिंड निघते का पाहू.

लहानांसाठी: आजी-आजोबांना फोन करा आणि विचारा, त्यांच्या लहानपणी घरी किंवा शेजारी कुठल्या जातीची गाय होती, तिचे नाव काय होते, दूध किती देत असे आणि तिचा गोऱ्हा पुढे कुणी नेला. पाच ओळी मराठीत लिहून आणा. सोबत चित्र काढा, या वेळी वशिंडासकट.